परगावी जेवावे कोठे? : आशियाई नगरांतील स्वस्त भोजनालयांचा आढावा

आशिया खंडातील एखाद्या मोठ्या नगरात नव्याने उतरलेल्या प्रवाशाला देवळे, राजवाडे आणि वस्तुसंग्रहालये यांची माहिती कोणीही देतो. परंतु ज्याची थैली बेताची आणि जीभ मात्र चोखंदळ आहे अशा मनुष्याने दोन वेळा कोठे जेवावे, या प्रश्नाला मिळणारी उत्तरे बहुधा दोनच प्रकारची असतात. एकतर त्याच्या हाती नावांची यादी ठेवली जाते, जी छापून होईपर्यंत निम्मी शिळी झालेली असते. किंवा त्याला 'हिंडत राहा, सापडेल कोठेतरी' असा सल्ला मिळतो, जो डिसेंबरात बरा असला तरी एप्रिलमधील बँकॉकच्या उन्हात कुचकामाचा ठरतो. या दोन्ही उत्तरांच्या मुळाशी एकच समजूत आहे, आणि ती अशी की स्वस्त व उत्तम अन्न ही दैवयोगाने लाभणारी वस्तू आहे. माझे मत याच्या उलट आहे. अशी भोजनालये जेथे आढळतात तेथे ती दोन कारणांनी टिकलेली असतात : तेथे आज जेवणारा मनुष्य उद्याही तेथेच जेवणार असतो, आणि तेथील आचाऱ्याच्या जागेचे भाडे त्याने रांधलेल्या अन्नाची किंमत गिळून टाकीत नाही. पहिले कारण त्या नगरातील लोकांच्या पोटापाण्याच्या व्यवस्थेत शोधावे लागते. दुसरे पुष्कळदा नगरपालिकेच्या दफ्तरात सापडते.

पहिल्या कारणाच्या दाखल्यासाठी मराठी वाचकाला फार दूर जाण्याचे प्रयोजन नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले, बायकामुले गावी ठेवून एकेका खोलीत दाटीने राहणारे कामगार पाळीच्या वेळा सांभाळून ज्या खानावळींत जेवत, त्या पुष्कळशा बायकाच आपल्या राहत्या घरी चालवीत. महिन्याच्या हिशेबाने पैसे चुकते करणारे हे गिऱ्हाईक आमटी पातळ झाली तर पुढच्या महिन्यात शेजारच्या चाळीत जेवायला जाई, आणि हा एवढा धाक कोणत्याही तपासनिसाच्या शेऱ्याहून अधिक परिणामकारक होता. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते याच खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि गिरण्यांबरोबर या खानावळींचाही कणा मोडला. रांधणाऱ्या बायकांचे हात तेच होते, मसालाही तोच होता. उद्या पुन्हा जेवायला येणारा मनुष्य तेवढा उरला नाही. माटुंगा स्थानकालगतचे रामा नायकांचे १९४२ सालचे उडुपी बोर्डिंग मात्र टिकले, कारण तेथे केळीच्या पानावर बसणारी माणसे कोणत्याही एका धंद्याच्या भरभराटीवर अवलंबून नव्हती.

कलकत्त्याची 'पाइस हॉटेले' याच कुळातील, आणि ज्याला स्वस्त जेवणाचे अर्थशास्त्र डोळ्यांनी पाहावयाचे आहे त्याने एक दुपार तेथे अवश्य काढावी. कॉलेज स्ट्रीटच्या परिसरातील स्वाधीन भारत हिंदू हॉटेलासारख्या ठिकाणी दाराशीच फळा टांगलेला असतो, त्यावर त्या दिवशीच्या माशांची नावे खडूने लिहिलेली असतात, आणि ती सकाळच्या बाजारावर अवलंबून असल्यामुळे रोज बदलतात. टेबलावर केळीचे पान येते. वाढपी शेजारी उभा राहून रुई, पाबदा, चिंगडी, मोचार घंट, आलू-पोस्त अशी नामावळी एका दमात म्हणून दाखवितो. आपण मागू ते वेगवेगळ्या वाट्यांतून येते, आणि प्रत्येक वाटीचा आकार निराळा लागतो. कित्येक ठिकाणी पानाचे आणि लिंबाच्या फोडीचेही पैसे स्वतंत्र मोजतात. जेवण उरकून आपण गल्ल्याकडे वळलो की तोच वाढपी आपण खाल्लेल्या प्रत्येक जिनसाची जंत्री तेथूनच ओरडून सांगतो, आणि गल्ल्यावरचा मालक त्या ओरडण्यावर विसंबून पैसे घेतो. लिंबाच्या फोडीचे पैसे मोजणे प्रथमदर्शनी कद्रूपणाचे वाटते. पण डाळभात आणि एक भाजी एवढेच ज्याला परवडते त्याच्यावर शेजाऱ्याच्या कोळंबीचा भार या पद्धतीत पडत नाही, आणि ठरलेल्या थाळीत होणारी नासाडीही येथे होत नाही. दुपारी एकच्या आत गेलेले बरे. अडीचला फळ्यावरची चांगली नावे पुसलेली असतात.

जकार्ताचे 'वारतेग' हा याच तत्त्वाचा जावा बेटावरील अवतार होय. मध्य जावाच्या उत्तर किनाऱ्यावरील तेगाल या गावच्या लोकांनी राजधानीत येऊन गल्लोगल्ली थाटलेली ही दुकाने म्हणजे काचेचे एक कपाट, त्यामागे शिजविलेल्या भाज्या, तेंपे (आंबविलेल्या सोयाबीनच्या वड्या), अंडी आणि मासे यांचे थाळे, आणि त्यापुढे एक लांब बाक. बांधकामावरचे मजूर, मोटारसायकलवरून माणसे नेणारे चालक आणि कचेऱ्यांतील शिपाई हे तेथील नित्याचे गिऱ्हाईक. भाषा येत नसली तरी अडत नाही, काचेवर बोट ठेवले की पुरे. सुमात्रा बेटावरील पदांगच्या लोकांची भोजनगृहे याहून थोडी महाग; तेथे वाढपी हातावर थाळ्यांची उतरंड रचून येतो, दहा-पंधरा पदार्थ न मागता समोर मांडतो, आणि आपण ज्याला हात लावू त्याचेच पैसे घेतो. न शिवलेल्या थाळ्या परत जातात व दुसऱ्या टेबलावर येतात, हे कळल्यावर काही पाहुण्यांचा जीव कासावीस होतो. परंतु रेंदांगसारखे तासन्‌तास नारळाच्या दुधात आटविलेले मांस सहजासहजी बिघडत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

टॅक्सीवाल्याला विचारावे, हा सल्ला जगभर दिला जातो आणि जगभर तो निम्माच खरा ठरतो, कारण टॅक्सीवाला स्वतः कोठे जेवतो हे सांगण्याऐवजी पाहुण्याला शोभेल असे ठिकाण सांगतो. सोलमध्ये मात्र या सल्ल्याला संस्थेचे रूप आले आहे. तेथे 'किसा शिकदांग' या नावाची, चालकांसाठीच म्हणून चालणारी भोजनालये आहेत. गाडी उभी करण्यास जागा, ताट पाच-दहा मिनिटांत समोर, एकट्याने जेवणाऱ्याला मज्जाव नाही, आणि भाताबरोबर येणाऱ्या लहानसहान वाट्यांचे वेगळे पैसे नाहीत. कोरियात पुष्कळ पदार्थ दोघांच्या खाली वाढीत नाहीत. त्यामुळे एकट्या प्रवाशाला ही सवलत मोठीच वाटते. इस्तंबूलमधील कारागीर-दुकानदारांच्या दुपारच्या खानावळी याच जातीच्या असून बाजारपेठेच्या आतल्या गल्ल्यांत सापडतात.

आता दुसऱ्या कारणाकडे, म्हणजे भाड्याकडे आणि परवान्याकडे वळू. या बाबतीत सिंगापूरइतका बोधप्रद इतिहास दुसऱ्या कोणत्याही आशियाई नगराचा नाही. १९६८-६९ साली तेथील सरकारने रस्त्यावर अन्न विकणाऱ्या फेरीवाल्यांची सरसकट नोंद केली, तेव्हा सुमारे अठरा हजार माणसे या धंद्यात असल्याचे आढळले. सांडपाणी ओढ्यांत जात होते, नळ नव्हते, साथींचे भय होते. सरकारला या लोकांना हुसकून लावता आले असते. इतर अनेक नगरांच्या कारभाऱ्यांनी तेच केले. सिंगापूरने १९७१ पासून वस्त्यावस्त्यांतून नळ, गटार, वीज आणि छप्पर असलेली भोजनकेंद्रे बांधण्यास आरंभ केला, फेरीवाल्यांना त्यांत गाळे नेमून दिले, आणि १९८६ पर्यंत रस्त्यावरचा शेवटचा विक्रेताही छपराखाली आणला. पहिल्या पिढीच्या विक्रेत्यांना भाड्यात भरघोस सवलत मिळाली. आज अशी एकशे दहाहून अधिक केंद्रे आहेत, तेथे चार-सहा सिंगापुरी डॉलरांत पोटभर जेवता येते, आणि डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या संस्कृतीची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. सार्वजनिक वाचनालये किंवा टपालकचेऱ्या यांच्याप्रमाणे स्वस्त जेवण ही नगराची एक सोय आहे, असे मानून त्याचा बंदोबस्त करणारे हे एकच मोठे नगर, आणि म्हणूनच तेथे नवख्या माणसाने उपाशी राहणे जवळजवळ अशक्य आहे.

परंतु शंभर गाळ्यांच्या केंद्रात शिरल्यावर निवड कशी करावी? फलकावरील पदार्थांची संख्या हे पहिले गमक. ज्याच्या फलकावर वीस छायाचित्रे आहेत त्याला सोडून ज्याच्याकडे एक किंवा दोन पदार्थ आहेत, आठवड्यातून ठरावीक वारी गाळा बंद असतो, आणि दुपारी दोनला माल संपतो, त्याच्याकडे जावे. दुसरे गमक रांगेची लांबी नव्हे, तर रांगेची जात. मॅक्सवेल केंद्रात हैनानी कोंबडी-भातासाठी लागलेल्या प्रसिद्ध रांगेत प्रवासीच अधिक असतात. तेथून चालत जाता येण्याजोग्या अमॉय स्ट्रीटच्या केंद्रात गळ्यात कचेरीची ओळखपत्रे अडकविलेली माणसे दिसतात, आणि शनिवार-रविवारी तेथील बरेच गाळे बंद असतात, यातच सर्व आले. मेजावर कागदी रुमालांचे पुडके ठेवून जागा धरण्याची तेथील रीत एस.टी.च्या खिडकीतून आसनावर रुमाल टाकणाऱ्या मराठी माणसाला शिकवावी लागत नाही. मात्र जेवणानंतर तबक स्वतः उचलून न ठेवल्यास २०२१ पासून दंडाची तरतूद आहे, ती लक्षात असावी. स्वच्छतेची 'ए', 'बी' अशी अक्षरे १९९७ पासून गाळ्यांवर झळकू लागली. तथापि 'बी' अक्षराखाली उत्तम नूडल शिजत असल्याचा अनुभव सिंगापूरकरांना इतका सार्वत्रिक आहे की त्या अक्षरावरून चवीचा अंदाज बांधण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही.

हाँगकाँगची कथा याच्या उलट आहे. तेथील 'दाई पाई दाँग', म्हणजे रस्त्यावर हिरव्या लाकडी खोक्यांत मांडलेल्या परवानाधारक चुली, यांना नवे परवाने देणे सरकारने बंद केले, आणि असलेला परवाना धारकाच्या मृत्यूनंतर पती किंवा पत्नीपलीकडे वारसाने जाणार नाही असा निर्बंध घातला. फारशी हाकलाहाकली न करता, मुख्यतः परवान्याच्या या अटींनी, दोन-तीन पिढ्यांत रस्त्यावरचा हा धंदा मूठभर चुलींवर आला. कारभारी लोकांच्या चातुर्याचा याहून शांत नमुना मला तरी ठाऊक नाही. बाकीच्यांपैकी पुष्कळ विक्रेते नगरपालिकेच्या मंडयांच्या वरच्या मजल्यांवर गेले. म्हणून हाँगकाँगात स्वस्त आणि खरे अन्न हवे असेल तर खाली मासळी-भाजी विकली जाते अशा शासकीय इमारतीचा ओला जिना चढून जावे. पाहुणे बहुधा तो जिना पाहूनच परत फिरतात.

बँकॉकच्या पदपथांवरील विक्रेत्यांना गेल्या दशकात पालिकेने अनेक ठिकाणांहून उठविले, आणि २०१७ साली पथभोजन बंद होणार अशी वार्ता जगभर पसरली. ते संपूर्ण बंद कधीच झाले नाही. चिनी वस्तीतील यावरातसारखे प्रवाशांना प्रिय असलेले रस्ते राखले गेले, आणि ज्या साध्या रस्त्यांवर कारकून व विक्रेत्या मुली दुपारचे जेवण घेत ते मोकळे केले गेले. म्हणजे रोजच्या गिऱ्हाइकाची गैरसोय झाली आणि एकदाच येणाऱ्याची सोय राहिली. याचा परिणाम असा की बँकॉकमध्ये आज परवडणारे जेवण शोधणाऱ्याने, मनाला न रुचले तरी, मोठ्या दुकान-संकुलांच्या भोजनदालनात आणि सरकारी रुग्णालयांच्या उपाहारगृहांत डोकवावे. टर्मिनल २१ या झगझगीत संकुलातील भोजनदालनात साध्या रस्त्यावरील भावाने, किंबहुना त्याहूनही कमी दराने, जेवण मिळते. गिऱ्हाईक वर चढावे म्हणून मालकच भाडे हलके ठेवतो. 'खरे' अन्न फक्त धुरकट गल्लीतच शिजते, हा प्रवाशांचा एक भाबडा समज आहे. टोकियोतही वॉर्ड-कचेऱ्यांची आणि विद्यापीठांची कित्येक उपाहारगृहे परक्यालाही खुली असतात.

शिफारशींचा प्रश्न उरतो. थायलंडात १९६१ पासून मोम राचवोंग थनदश्री स्वस्ती या खवय्या राजवंशीयाने एका तेलकंपनीच्या आश्रयाने भोजनालयांना चिन्हांकित करण्याचा उपक्रम चालविला; त्याच्या हिरव्या वाडग्याची पाटी आजही जुन्या दुकानांवर दिसते, आणि तिच्याखालील अन्न पुष्कळदा चांगले निघते, कारण ती पाटी लावणारा मनुष्य त्याच देशात जेवणारा होता. मिशलिन या फ्रेंच कंपनीचे तारे आशियात आले त्यानंतर कितीतरी वर्षांनी. २०१६ साली सिंगापूरच्या चायनाटाउन संकुलातील सोया-कोंबडीच्या गाळ्याला तारा मिळाला, तेव्हा दोन-अडीच डॉलरांच्या ताटाची कीर्ती जगभर झाली. २०२१ साली तो तारा गेलाही. बँकॉकच्या जे फाय या आचारीणबाईंचे खेकड्याचे ऑम्लेट, तारा लागल्यापासून, हजार बाहतांच्या पुढे गेले, आणि शेजारी पन्नास-साठ बाहतांत ताट मिळते. स्वस्त ठिकाणांसाठी त्याच कंपनीचा एक निराळा वर्ग आहे. पण सिंगापुरात त्याची मर्यादा ४५ डॉलरांपर्यंत धरलेली होती, म्हणजे भोजनकेंद्रातील आठ-दहा माणसांचे जेवण. भ्रमणध्वनीच्या नकाशावरील गुण तर अधिकच बेताने घ्यावेत, कारण ते देणारे बहुतेक लोक त्या दुकानात पुन्हा पाऊल ठेवणार नसतात. जपानी लोकांच्या 'ताबेलॉग' या नोंदवहीत गुण देणारे स्थानिक व हात आखडणारे असल्याने साडेतीन गुण म्हणजे उत्तम समजावे; चारच्या आसपासचे ठिकाण आपल्या थैलीसाठी नाही.

वेळेची जाणीव नसेल तर वरील सर्व माहिती फुकट जाते. हनोईत 'बुन च्या' हा पदार्थ दुपारचा. अकराच्या सुमारास पदपथावर कोळशाची शेगडी पेटते, जाळीच्या चिमट्यात धरलेल्या डुकराच्या मांसाच्या टिक्क्या पंख्याने वारा घालून भाजतात, धूर गल्लीभर होतो. माशांच्या आंबट-गोड कोमट रसात कच्च्या पपईच्या चकत्यांसह त्या बुडवून, तांदळाच्या शेवया आणि ताटभर पाला सोबत देऊन, दीड-दोनपर्यंत सर्व उरकते. गुडघ्याएवढ्या प्लास्टिकच्या तिपायीवर बसताना पाय कोठे ठेवावे हा प्रश्न आपल्यापुरता असतो, शेजारच्या आजीबाईंना तो पडलेला दिसत नाही. संध्याकाळी तेच दुकान बंद पाहून पाहुणा हळहळतो आणि इंग्रजी फलकाच्या दुकानात शिरतो. २०१६ साली अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा व खाद्यप्रवासी अँथनी बूर्डेन यांनी ले वान हुऊ रस्त्यावर हाच पदार्थ सहा डॉलरांत खाल्ला. त्यांचे मेज आता काचेच्या पेटीत आहे, आणि ती पेटी पाहण्यास जाणाऱ्यांनी जेवणाची अपेक्षा माफक ठेवावी. टोकियोत याच्या उलट, रात्री ज्या दुकानाचे दार उघडण्याची छाती होत नाही तेथेच दुपारी हजार येनांच्या आसपास भात, सूप, मासा आणि लोणचे असे ठरलेले ताट मिळते. दाराबाहेरील मेण-प्लास्टिकच्या प्रतिकृती आणि पैसे टाकताच चिठ्ठी देणारे यंत्र यांमुळे तोंड न उघडताही जेवण होते.

आपल्यापैकी पुष्कळांना या सर्व वर्णनात मुख्य अडचण दिसली असेल, आणि ती शाकाहाराची. आग्नेय आशियात भाजीतही माशांचा रस किंवा कोळंबीची चटणी असते, आणि जपानात वरकरणी निर्मळ दिसणाऱ्या सूपचा पायाच सुक्या माशाचा असतो, तेव्हा 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही. यावर स्थानिक धर्मानेच उपाय करून ठेवला आहे. थायलंडात पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेल्या दुकानात मांस-मासेच नव्हे, कांदा-लसूणही नसतो. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातील नऊ दिवस, जे बहुधा आपल्या नवरात्राशीच जुळतात, अशी दुकाने पदोपदी दिसतात. व्हिएतनाममध्ये चांद्रमासाच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला 'कोम चाय', म्हणजे शाकाहारी भात, विकणाऱ्यांकडे गर्दी होते. तैवानात दारावर स्वस्तिक असलेल्या भोजनालयात चाळीस-पन्नास पदार्थ मांडलेले असतात, आणि ताट तराजूवर ठेवून वजनाने पैसे घेतात. शाकाहारी मनुष्याला इतकी निर्धास्त आणि स्वस्त जागा पुण्याबाहेर क्वचित मिळेल.

हे स्वस्तपण कोणाच्या जिवावर चालते, हे मात्र पाहिले पाहिजे. सिंगापूरच्या विक्रेत्यांचे वय सरासरी साठीच्या घरात आहे. सवलतीचे गाळे पहिल्या पिढीबरोबर संपत जातात, नवे गाळे निविदेने दिले जातात, आणि २०२४ साली एका गाळ्यासाठी महिना दहा हजार डॉलरांहून अधिक बोली गेली तेव्हा तेथील वर्तमानपत्रांत मोठी चर्चा झाली. पेनांगने २०१६ पासून स्थानिक पदार्थांच्या गाळ्यांवर परदेशी आचाऱ्याने मुख्य स्वयंपाक करण्यास मनाई केली. तेथील चार क्वे त्याव हा पदार्थ मोठ्या आचेवर एकेक ताट करून परतावा लागतो आणि त्यात मनगटाचा कस लागतो. मुले क्वालालंपूरला नोकरीस, मदतनीस परका म्हणून अपात्र, अशा स्थितीत म्हाताऱ्या मालकाने करावे काय, याचे उत्तर त्या हुकमात नाही. चव राखण्याचा हेतू चांगला असला तरी या मनाईने ती राखली जाईल असे मला वाटत नाही. पाच डॉलरांचे नूडल सहा डॉलरांचे झाले की भोजनकेंद्रात कुरकुर सुरू होते. वातानुकूलित दुकानात तोच मनुष्य जपानी रामेनला पंधरा-वीस डॉलर विनातक्रार देतो. विक्रेत्यांनी दर वाढवावेत, आणि पालिकेने त्यांना आडकाठी करू नये. परगावच्या पाहुण्याला त्यामुळे एक-दोन डॉलर जास्त पडतील, आणि ते पडावेत.